थिजलेल्या लाव्हाचा जिल्हा : हिंगोलीचे डोंगर कसे वाचावेत

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू आला, फळीवरची भांडी वाजली, की माणसे घराबाहेर येतात आणि बोलण्यात एक शंका हमखास निघते : खाली ज्वालामुखी तर नाही ना? २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि नांदेड-परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. ही शंका अडाणीपणाची नाही, म्हणून तिला नीट उत्तर मिळायला हवे.

जिल्ह्यात जिवंत ज्वालामुखी नाही आणि या आवाजांशी ज्वालामुखीचा काही संबंध नाही. मात्र विहिरीतला पाषाण, रस्त्यावरची गिट्टी, औंढ्याच्या देवळाचा चिरा आणि शेतातली काळी माती हे सगळे ज्वालामुखीचेच देणे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरले. आज त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि हिंगोलीचे पाचही तालुके त्या पसाऱ्यात येतात. नदीकाठचा गाळ सोडला, तर इथे जमीन कुठेही खणा, हाती लागतो तो थिजलेला लाव्हा. पाणी कुठे लागेल, घराला तडा का जातो, कोणत्या रानात हळद कुजते, या रोजच्या प्रश्नांची बरीच उत्तरे या थरांत आहेत. ते ओळखायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला केला पाहिजे. ज्वालामुखी म्हटले की पाठ्यपुस्तकातला शंकूच्या आकाराचा, माथ्यावर तोंड असलेला पर्वत डोळ्यांपुढे येतो. तसे पर्वत पाहायचे तर जपानला जावे लागेल. तिथल्या हिदा पर्वतरांगेत याकेदाके नावाचे २,४५५ मीटर उंचीचे शिखर आहे. त्याच्या अंगातून आजही वाफा निघतात. १९१५ साली त्याचा स्फोट झाला, चिखल-दगडांचा लोंढा खाली आला, अझुसा नदी अडली आणि एक नवे तळे तयार झाले. ‘तैशो तळे’ या नावाने ते आजही पर्यटकांना दाखवतात. तिथे समुद्रतळाचा खडक जमिनीखाली सरकतो, तेव्हा खोलवर घट्ट, चिकट लाव्हा तयार होतो. तो लांब वाहत नाही, तोंडाभोवतीच साचतो, अडतो आणि फुटतो. म्हणून तिथे शिखर उभे राहते.

दख्खनचा लाव्हा याच्या उलट पातळ होता. तो एका तोंडातून न येता जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि सखल भाग भरत दूरवर पसरला. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी जे बेसाल्टचे थर दिसतात, तेही पश्चिमेकडून वाहत गेलेल्या याच लाव्हाचे असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. असा लाव्हा पठार घडवतो, शिखर नाही. त्यामुळे सेनगाव किंवा औंढा भागातल्या एखाद्या सुट्या, टोकदार टेकडीला ‘जुना ज्वालामुखी’ म्हणून दाखवणे चूक आहे. ती टेकडी म्हणजे पठाराचा उरलेला तुकडा. भोवतालचा खडक पावसाने, ओढ्यांनी नेला, मध्ये ती राहिली. भारतातला जिवंत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटावर आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर तो १९९१ मध्ये जागा झाला.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. हिंगोलीचे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे. उंची फार नाही, म्हणूनच ते निवांत पाहता येतात. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना, डोंगराकडे दुरून बघा. उतार सलग नसतो. एक उभा काळा कडा, खाली गवताचा किंवा झुडपांचा आडवा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा पट्टा. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो घट्ट व टणक. त्याचा कडा होतो. थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. तो लवकर झिजतो, त्यावर माती धरते आणि तिथे गवत उगवते. एवढे लक्षात ठेवले, की समोरच्या डोंगरात लाव्हा किती वेळा येऊन गेला याचा अंदाज लांबूनच करता येतो. शिक्षकांनी मुलांना हे वहीत काढायला लावावे. सपाट माथा, पायरी, उतार असे साधे रेखाटन पुरते. सातवी-आठवीची मुले हे उत्तम करतात.

डोंगरापेक्षाही चांगली जागा म्हणजे उन्हाळ्यातली विहीर. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेले की बांधकाम न केलेल्या विहिरीच्या भिंतीवर सगळे थर उघडे पडतात. मालकाला विचारून, काठापासून सुरक्षित अंतरावर थांबून, वरून खाली पाहत जावे. सर्वात वर काळी माती. तिच्याखाली पिवळसर-करडा मुरूम, म्हणजे कुजत आलेला बेसाल्टच. त्यात अनेकदा गोल गोटे दिसतात आणि त्यांच्या कडा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या सुटत असतात. भेगांमधून शिरलेले पाणी चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी खाते, म्हणून हे गोटे गोल होतात; ते नदीने वाहून आणलेले नाहीत. मुरमाखाली अर्धवट कुजलेला खडक, ज्याला विहीर खोदणारे बऱ्याच ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. त्याखाली काळा पाषाण. कधी मध्येच विटेच्या रंगाचा एक पट्टा असतो.

या तांबड्या पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात जुन्या थराचा माथा, त्यावर पडलेली राख आणि धूळ कुजून त्यांची माती झाली. मग नवा, धगधगता लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे तो पट्टा दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण. बोटाने घासला तर चूर्ण होतो, ओला केला की चिकट लागतो. व्यवहारात त्याचे दोन परिणाम लक्षात घ्यायचे. पहिला असा, की ही चिकणमाती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून पावसाळ्यानंतर काही विहिरींत या पट्ट्याच्या अगदी वरून पाझर सुटलेला दिसतो. दुसरा असा, की हा थर कच्चा आहे. विहिरीच्या भिंतीत तो असेल तर तिथला भाग ढासळून वरचा पाषाण लोंबकळत राहतो. खोदकाम चालू असताना मजुरांच्या जिवाला मोठा धोका याच ठिकाणी असतो. तांबडा पट्टा लागला की तेवढ्या उंचीला आधी बांधकाम करून घ्यावे आणि मगच खाली जावे. खर्च वाढतो, पण इथे काटकसर करू नये.

पाण्याचा हिशेबही याच थरांत आहे. बेसाल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्यात, थराच्या सच्छिद्र माथ्यात आणि पाषाणाला पडलेल्या भेगांमध्ये. घट्ट, भेग नसलेला पाषाण लागला, की कितीही खोल गेले तरी त्या थरापुरते पाणी लागत नाही. पुढच्या थराचा सच्छिद्र माथा भेटला तर नशीब, नाहीतर बोअर कोरडा. मराठवाड्यात एकाच बांधाच्या अलीकडच्या बोअरला पाणी आणि पलीकडच्याला धूळ, असे होते त्याचे कारण हे आहे. भेग तिथे आहे, इथे नाही. खोलीने त्यात फरक पडत नाही.

मग जागा कशी निवडावी? नारळ, काडी, लोलक घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यावर हजारो रुपये घालवण्याआधी शेजारच्या चार विहिरी नीट पाहाव्यात. मुरूम किती फुटांवर संपला, पाझर कोणत्या थरातून येतो, मार्चनंतर पाणी किती उरते, हे विचारून कागदावर लिहावे. पाणाड्याचे सांगणे कधी कधी खरे ठरते, कारण जाड मुरमाच्या सखल रानात बहुतेक ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. त्याच्या पद्धतीला शास्त्राचा आधार नाही. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते आणि तिचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तिथले भूवैज्ञानिक जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजतात. ओलसर, कुजलेल्या खडकातून वीज सहज जाते, घट्ट पाषाणातून जात नाही. त्यावरून थरांचा अंदाज बांधला जातो. तोही अंदाजच, पण कारणे असलेला. ओढ्याच्या काठचे, दोन उतार मिळतात तिथले, जाड मुरमाचे रान विहिरीला चांगले. टेकडीचा उघडा माथा आणि पातळ मातीचे बरड बहुधा वाईट. सरकारी विहीर योजनेत पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटर अंतर ठेवायची अट असते, तीही आधी तपासावी. आणि शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायचा मोह टाळावा. राज्याच्या भूजल कायद्याने तशा खोल विहिरींवर बंधन आणले आहे, आणि कायदा नसता तरी त्या खोलीवरचे पाणी उपसणे म्हणजे भेगेत साठलेले जुने पाणी संपवणे. त्यापेक्षा वरच्या बाजूला नाला अडवून मुरमात पाणी मुरवणे कितीतरी शहाणपणाचे.

दगडाची ओळख करून घ्यायला घरातले साहित्य पुरते. मूठभर काळा दगड घ्या, वजन करा, मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून सांडलेले पाणी मोजा. घट्ट बेसाल्ट त्याच आकारमानाच्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइट आणून हाच प्रयोग केला तर तो पावणेतीन पटींच्या आतच राहतो. वाशिमकडून येणारी कयाधू उन्हाळ्यात आटली की तिच्या पात्रात, किंवा कोणत्याही कोरड्या ओढ्यात, चुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवा. काळे बारीक कण चिकटतील. बेसाल्टमधले हे लोहखनिज. काही टेकड्यांवर होकायंत्राची सुई जरा भरकटते तीही यामुळेच.

शेतात, विशेषतः नांगरटीनंतर, पांढरे चमकते खडे वर येतात. सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठला नाही तर ती खरी गारगोटी, क्वार्ट्झच्या जातीची. ओरखडा उठला आणि चुऱ्यावर लिंबू पिळल्यावर फसफसले, तर ते चुन्याचे खनिज. ओरखडा उठला पण फसफसले नाही आणि आत पंख्यासारखी किंवा सुयांसारखी रचना दिसली, तर ते बहुधा झिओलाइट. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम, खनिजयुक्त पाणी फिरले आणि स्टिल्बाइट, स्कोलेसाइट अशी ही खनिजे तिथे बसली. महाराष्ट्राचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. ते एकत्र पाहायचे तर नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे. गावाजवळच्या खदानीत मात्र परवानगीशिवाय उतरू नये. सुरुंगाने सैल झालेले दगड केव्हा सुटतील याचा नेम नसतो, आणि बंद पडलेल्या खदानीत साठलेले पाणी काठापासूनच खोल असते. अशा पाण्यात दरवर्षी मुले बुडतात.

लाव्हाचा दगड माणसाच्या हातात आल्यावर काय होतो, हे पाहायला औंढा नागनाथ हवे. यादवकाळातले हे ज्योतिर्लिंगाचे मंदिर काळ्या पाषाणात उभे आहे. दर्शनानंतर घाई न करता एक प्रदक्षिणा भिंतीकडे बघत घालावी. खालचा भाग शिल्पांनी भरलेला आणि जुना, तर वरचे शिखर नंतरच्या काळातले. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. बारीक नक्षी जिथे टिकून आहे, तिथे दगड घट्ट, बुडबुडे नसलेला आहे. कारागिरांनी थराचा मधला भाग पारखून घेतल्याशिवाय असे काम होत नाही. सच्छिद्र दगडात पाणी मुरते आणि नक्षीच्या कडा आधी झिजतात. संत नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीची परंपरा याच देवळाशी जोडलेली आहे, त्यामुळे वारकऱ्यांचा ओघ इथे बारमाही असतो. गर्दीचे दिवस टाळून, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे. भिंतीला खिळा, चुंबक, लिंबू यांतले काहीही लावू नये. ते प्रयोग ओढ्यातल्या दगडासाठी.

काळ्या मातीबद्दल शेतकऱ्याला शिकवण्याची गरज नाही, घर बांधणाऱ्याला आहे. बेसाल्ट कुजून तयार झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात रानाला पडणाऱ्या भेगांत हातभर काठी जाते ती यामुळे. तीच हालचाल घराच्या पायाखाली होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका तडा निघतो. उपाय जुन्या गवंड्यांना ठाऊक होता : काळी माती पूर्ण काढायची आणि पाया मुरमापर्यंत न्यायचा. माती फार खोल असेल तर अभियंत्याला विचारून खोल खांबांचा पाया करावा. घराभोवती पाणी तुंबू देऊ नये, छपराचे पाणी पायाशी सोडू नये. वसमतच्या हळदीचेही हेच गणित आहे. मध्यम खोलीच्या, खाली मुरूम असलेल्या, निचऱ्याच्या रानात ती फोफावते. चिबड रानात पाणी साचले की कंदकूज लागते. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा नव्याने लागवड करणाऱ्याने जमिनीचा प्रश्न आधी तिथे न्यावा.

आता पुन्हा धक्क्यांकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. पुढे राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्हाचे थर ३३८ मीटरवर संपले आणि त्याखाली कोट्यवधी वर्षे जुना मूळ खडक लागला. ही एक गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. लाव्हा म्हणजे वरचे पांघरूण, भूकंप त्याच्याही कितीतरी खाली, काही किलोमीटर खोलीवरच्या जुन्या खडकात होतात. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, त्या दाबाने खालच्या जुन्या भेगा अधूनमधून सरकतात. छोटे धक्के उथळ असले की त्यांच्या लहरींचा काही भाग हवेत ध्वनी म्हणून बाहेर पडतो. पांगरा शिंदेचा गडगडाट या प्रकारात बसतो. त्यातून लाव्हा वर येण्याचा प्रश्नच नाही. उनकेश्वरला, नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी, गरम पाण्याचे झरे आहेत, तेही ज्वालामुखीचे लक्षण नव्हे. खोल गेलेले पाणी पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि भेगेतून वर येते.

भीती ज्वालामुखीची नको, भिंतीची हवी. किल्लारीत माणसे गेली ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या भाराखाली. हिंगोलीच्या खेड्यांत अशी घरे अजून आहेत. त्या भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी रचलेली असते, मध्ये नुसता चुरा भरलेला असतो. धक्का बसला की दोन्ही बाजू सुटतात. घर पाडून नवे बांधणे प्रत्येकाला जमत नाही. पण माळवदावरची वर्षानुवर्षे वाढत गेलेली माती कमी करणे जमते. भिंतीत दोन्ही बाजू धरून ठेवणारे आरपार दगड बसवणे जमते. साधारण दोन फूट उंचीमागे आणि चार फुटांच्या आत एक, असे ते हवेत. नवे दगडी घर बांधत असाल तर भिंत दीड फुटाहून जाड करू नये आणि जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर व छताखाली सिमेंट-सळईची सलग पट्टी चारही भिंतींवरून फिरवावी. गवंडी म्हणेल, ‘एवढ्याची गरज नाही.’ त्याचे ऐकू नये. पलंगावरच्या फळीवर जड डबे-हंडे ठेवू नयेत. धक्का बसल्यावर दगड-मातीच्या घरातून, दार जवळ असेल तर, तात्काळ मोकळ्या जागेत यावे, पण अरुंद बोळात थांबू नये. पक्क्या घरात असाल तर मजबूत टेबलाखाली डोके झाकून बसावे आणि हलणे थांबल्यावर बाहेर पडावे. तीव्रता किती, केंद्र कुठे, हे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ‘भूकंप’ या मोबाइल अॅपवर काही मिनिटांत कळते. मोबाइलवर फिरणारा ‘आज रात्री मोठा धक्का येणार’ हा निरोप पुढे पाठवू नये, कारण भूकंपाची वेळ सांगणारे शास्त्र जगात कुठेच नाही.

याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ, देशातली गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहत आहे, याचा हिंगोलीकरांना अभिमान वाटायलाच हवा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये लायगो-इंडियाला अंतिम मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये, आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्यांत लेझरचा झोत फिरवून प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक मोजायचा, तर रेल्वे, कारखाने, महामार्ग यांच्या सततच्या थरथरीपासून दूर, स्थिर जागा हवी. देशभर जागा पाहून औंढ्याचे पठार निवडले गेले. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांपैकी हॅनफर्डची वेधशाळाही लाव्हाच्याच विशाल पठारी प्रदेशात आहे. तिथला लाव्हा आपल्यापेक्षा बराच तरुण, दोन कोटी वर्षांच्या आतला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची सहल औंढ्याला न्यायची असेल तर प्रकल्पाच्या जागेसाठी आधी लेखी परवानगी विचारावी. ती मिळाली नाही तरी देऊळ आणि डोंगर तिथेच आहेत.

एका दिवसाची फेरी आखायची तर हिंगोलीहून सकाळी नर्सीला जावे. संत नामदेवांच्या जन्मगावी कयाधूच्या पात्रात चुंबकाचा आणि दगडांचा प्रयोग करावा. दुपारच्या आत औंढा, आणि ऊन कलल्यावर सिद्धेश्वर धरणाकडे. पूर्णा नदीच्या या भागात पाण्याकाठी कापलेल्या उतारांवर माती, मुरूम आणि पाषाण एकाखाली एक पाहायला मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात चांगला काळ. विहिरी पाहायच्या तर एप्रिल, पण सकाळी दहाच्या आत. जून ते ऑक्टोबर दुपारनंतर उघड्या माळावर किंवा टेकडीच्या माथ्यावर जाऊ नये. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे जातात आणि उंच, उघडी जागा ही विजेची पहिली निवड असते. ढग गडगडला की झाडाखाली न थांबता खाली उतरावे, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसावे.

दुसरा दिवस हाती असेल तर सेनगाव-रिसोड मार्गे लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते गोल विवर पाहून ‘हेच ज्वालामुखीचे तोंड’ असे कोणालाही वाटेल, आणि कित्येक वर्षे अभ्यासकांनाही तसे वाटत होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि ते उल्कापाताचे विवर असल्याचे नक्की झाले. म्हणजे लाव्हाच्या थरांवर आकाशातून झालेला आघात. बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. जून २०२० मध्ये खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले, आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर उभे राहून विवराच्या भिंतीकडे बघा : हिंगोलीच्या विहिरीत पाहिलेले थर इथे आघाताने वर उचलले गेले आहेत, काही ठिकाणी उलटे झाले आहेत. विवर हे अभयारण्य आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक असल्याने तिथला एकही दगड उचलता येत नाही. खाली उतरायचे तर सकाळी, सोबत जाणकार वाटाड्या, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी आणि पायात बूट. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी उतरण्यापूर्वी वन विभागाच्या चौकीवर नोंद करून वाट उघडी आहे का ते विचारून घ्यावे.